थायरॉईडच्या पेशी वाढतात कशामुळे? टीएसएच, मीठ आणि ज्वारीची भाकरी

गळ्यावर सूज दिसली की सोलापुरात आधी विचारले जाते, "थायरॉईड तपासलं का?" तपासणीत बहुधा एकच आकडा येतो, टीएसएच.

प्रौढ माणसात थायरॉईडच्या पेशी क्वचितच, काही वर्षांतून एकदा विभागतात. त्यांचा लगाम मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडे असतो. रक्तातले थायरॉईड हार्मोन घटले की ती टीएसएच सोडते. टीएसएच पेशीवरच्या ग्राहकाला चिकटते, आत सीएएमपी हा निरोप्या तयार होतो आणि पेशी कामाला लागते. हा निरोप महिनोनमहिने चालू राहिला, तर पेशी विभागूही लागतात. हार्मोन पुरेसे झाले की टीएसएच उतरते.

आयोडीन कमी पडले की हार्मोन बनत नाही, टीएसएच चढे राहते आणि ग्रंथी फुगते. हाच गलगंड. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन तो कमी करून दाखवला. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आज घरापर्यंत पोचणाऱ्या मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन असावे लागते. सध्या ज्याचे कौतुक चालते त्या साध्या सैंधवात ते नगण्य असते.

ज्वारीबद्दलची भीती मात्र अनाठायी आहे. कोवळ्या ज्वारीने जनावरांना विषबाधा होते, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे. ते सायनाइड तयार करणारे द्रव्य पक्व दाण्यात जवळजवळ नसते. थायरॉईडला अडथळा करणारी द्रव्ये बाजरीत आढळली आहेत, पण त्यांचा त्रास मुख्यतः आयोडीन कमी आणि आहार जवळपास निव्वळ बाजरीचा असेल तिथे दिसतो.

काही आजारांत लगामच निरुपयोगी ठरतो. ग्रेव्हज आजारात शरीराची प्रतिपिंडे टीएसएचच्या ग्राहकालाच चिकटतात. टीएसएच जवळपास शून्य, तरी ग्रंथी वाढते. काही गाठींत ग्राहकाच्या जनुकातच बिघाड होतो आणि तो कायम 'चालू' राहतो.

पॅपिलरी कर्करोगाची वाट वेगळी. तिथे बीआरएएफ, आरएएस किंवा आरईटी जनुकांतील बदल पेशीला थेट 'विभाग' असा आदेश देतात. हार्मोन बिघडतेच असे नाही. त्यामुळे टीएसएच नॉर्मल असूनही गाठ कर्करोगाची असू शकते. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण तो निर्णय सोनोग्राफीने आणि गरज पडल्यास सुईने पेशी काढून होतो, रक्ताच्या एका आकड्यावरून नाही.