भिंत जाड कशाने झाली?

मंडळी, शिक्रापूरच्या आसपास कारखान्यांत काम करणारे अनेक जण इथे बसलेत. वेल्डिंगच्या आतली भेग ध्वनिलहरी सोडून शोधतात, हे त्यांना सांगायला नको. हृदयाची इको तपासणी तिथूनच आली. १९५३ साली स्वीडनच्या लुंड शहरात डॉ. इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुथ हर्ट्झ यांनी धातूतले दोष शोधणारं यंत्र माणसाच्या छातीला लावलं. त्यांचं लक्ष होतं झडपेकडे. भिंतीची जाडी हा विषय नंतरचा.

तोवर जाड झालेली भिंत दिसायची ती शवविच्छेदनात. १९५८ मध्ये लंडनच्या डोनाल्ड टेअर यांनी आठ तरुण हृदयांचं वर्णन छापलं. बहुतेक जण अचानक गेलेले, आणि दोन कप्प्यांमधला पडदा एका बाजूने फुगलेला. हा आजार घराण्यात चालतो, हे पुढे स्पष्ट होत गेलं. १९७३ च्या सुमारास अमेरिकेत इकोवर माप ठरलं: पडदा मागच्या भिंतीच्या १.३ पट जाड असेल तर हाच आजार. झालं, सुटला प्रश्न!

कसला सुटतोय? वर्षानुवर्षं बीपी वाढलेलं असलं तरी भिंत जाड होते. सहसा सगळीकडून सारखी, पण म्हातारपणी पडद्याला वरच्या टोकाशी फुगवटा येतो आणि माप फसतं. पैलवानाचीही भिंत थोडी जाड होते, पण त्याचा कप्पा ऐसपैस असतो आणि मेहनत थांबवली की जाडी उतरते. अमायलॉइडमध्ये तर स्नायू वाढलेलाच नसतो, मध्ये प्रथिन साचलेलं असतं. भिंत जाड, पण ईसीजीच्या रेघा बऱ्याचदा ठेंगण्या. २०१२ पासून इकोवर आणखी एक खूण मिळाली: अशा हृदयाचं टोक बऱ्यापैकी आकुंचन पावतं, बुडाकडचा भाग मात्र ढिम्म.

म्हणजे यंत्र मिलिमीटर सांगतं. कारण शोधायला बीपीच्या जुन्या नोंदी लागतात. जवळच्या वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएमच्या डॉ. बानू कोयाजींनी १९७० च्या दशकात गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवलं, त्याची किंमत आम्हाला इथे कळते. घरोघर ओळख असलेल्या बाईला, कोणाच्या घरात तरणा मुलगा अचानक गेला, हे विचारावं लागत नाही.

आणि ते कळणं फार गरजेचं आहे. एरवी १५ मिलिमीटरला हा आनुवंशिक आजार धरतात. पण सख्ख्या भावाला तो असेल, तर १३ सुद्धा पुरतात.