आमचे रावसाहेब

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या उदार, सर्वांच्या लाडक्या स्नेह्याविषयी लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा आम्ही प्रथम आपल्या इंदिरानगरातल्याच वडीलधाऱ्यांची नावे आठवू लागलो. परंतु एकाचे नाव घ्यावे तर दहांचे राहून जाते आणि राहिलेल्या दहांचे ऋण अधिकच जाणवू लागते. शेवटी आम्ही असा गृहस्थ निवडला, की ज्याला आपल्यापैकी बहुतेकांनी कधी डोळ्यांनी पाहिले नाही, आणि तरीही जो आपल्या प्रत्येकाच्या घरी येऊन गेला आहे. बेळगावचे कृष्णराव हरिहर, म्हणजेच पु. ल. देशपांडे यांचे ‘रावसाहेब’.

स्वातंत्र्याच्या आगेमागे पु. ल. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून गेले. तेथे त्यांना रावसाहेब भेटले. चित्रपटगृहाचा व्यवसाय, गाण्याचे अनावर वेड, नाटकवाल्यांवर जीव, तोंडात कानडी वळणाची मराठी आणि त्या मराठीत मुक्तपणे पेरलेल्या शिव्या, असे हे व्यक्तिमत्त्व. शिवी हा त्यांच्या बोलण्यातला लडिवाळ शब्द होता. ज्याच्यावर माया अधिक, त्याच्या वाट्याला शिव्याही अधिक. पुलंनी त्यांचे शब्दचित्र लिहिले आणि ते १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गणगोत’ या पुस्तकात आले. पुढे पुलंच्या स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित होऊन ते मराठी माणूस जेथे जेथे गेला तेथे तेथे पोहोचले.

या पुस्तकाच्या नावाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. गणगोत म्हणजे सगेसोयरे, कुळाची माणसे. पुलंच्या आजी ‘बाय’ या पुस्तकात आहेत. त्यांचे आजोबा वामन मंगेश दुभाषी, म्हणजे रवींद्रनाथांच्या गीतांजलीला मराठी अभंगांचे रूप देणारे ‘ऋग्वेदी’, तेही आहेत. घरातले लहान मूल ‘दिनेश’ आहे. आणि याच पंगतीत, याच पाटावर, रक्ताचे कोणतेही नाते नसलेले बेळगावचे रावसाहेब बसले आहेत. मित्र केव्हा नातलग होतो याची व्याख्या पुलंनी केली नाही. त्यांनी फक्त पान वाढले.

रावसाहेबांचे औदार्य देणगीच्या पावतीत मावणारे नव्हते. नाव गाजण्याच्या आधीच्या काळात कलावंताला जे हवे असते ते त्यांनी मुक्तहस्ते दिले: घराचा उघडा दरवाजा, रात्रभर ऐकणारे कान आणि बरे जमले तर मनापासून निघालेली दाद. मानपत्रे आणि हारतुरे पुढे अनेकांनी दिले असतील, पण परक्या गावात आलेल्या तरुण प्राध्यापकाला पहिल्या दिवसापासून घरचा माणूस मानणे ही देणगी निराळीच. पु. ल. बेळगाव सोडून निघाले, तेव्हा या माणसाने निरोपाचे गोड शब्द उच्चारले नाहीत. मुळात या गावात आलासच कशाला, अशा अर्थाचा जाब त्यांनी विचारला. प्रेमाची एवढी सरळ कबुली आमच्या वाचनात दुसरी नाही.

अशी माणसे एकटी उगवत नाहीत. त्यांच्या पायाखाली एक जुनी जमीन असते. रावसाहेबांच्या पायाखालची जमीन कानडी आणि मराठी या दोन्ही पाण्यांवर पोसलेली होती. कर्नाटकातून सांगलीस आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून विष्णुदास भावे यांनी १८४३ साली मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला. १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून संगीत नाटकाची घडी बसविणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावी गावचा, आणि त्यांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ. धारवाडचे द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, परंतु कन्नड काव्याने त्यांना आपले मानले आणि १९७३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांच्या कन्नड काव्यसंग्रहाला लाभला. आपण ज्या हाका मारतो, अण्णा, अक्का, अप्पा, त्याही याच शेजाराची देणगी होत. एवढेच काय, पंढरीच्या विठ्ठलाला आपल्या संतांनी ‘कानडा’ म्हटले, आणि पुरंदरदासांनी आपल्या प्रत्येक कन्नड पदाखाली त्याच विठ्ठलाची मुद्रा उमटविली.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. त्या प्रश्नावर मने दुखावली, आंदोलने झाली, माणसे तुरुंगात गेली. त्याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. आम्हांला एवढेच नोंदवावेसे वाटते, की रेषा कोठे आखावी यावर वाद चालू असताना, रेषेच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी राहणाऱ्या एका माणसाचे चित्र मराठी साहित्याने जपून ठेवले आणि त्याला ‘गणगोत’ म्हटले.

आता थोडे आपल्या घरचे. १९७० च्या दशकात इंदिरानगरची वसाहत आकारास येऊ लागली, तेव्हा येथे आलेली आपली बहुतेक मंडळी विमान कारखाना, प्रयोगशाळा किंवा सैन्यदल यांच्या नोकरीनिमित्त आलेली. घरी पुलंच्या ध्वनिफिती असत. पाऊस लागला, की चार कुटुंबे एकत्र जमत आणि रावसाहेबांची मराठी ऐकून आम्ही पोट धरधरून हसत असू. पंखा ‘तो’, खुर्ची ‘ती’ आणि टेबल ‘ते’ कशासाठी, हे कानडी माणसाला कळणे कठीणच. कन्नड भाषेत पुरुष पुल्लिंगी, स्त्री स्त्रीलिंगी आणि उरलेल्या निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी. तेथे हा घोळच नाही. म्हणून मराठीत शिरताच रावसाहेबांचे लिंगवचन घसरे आणि आम्ही हसत असू.

मग एके वर्षी मे महिन्याच्या सुटीत आमची मुले पुण्यास आजोळी गेली. परत आली तेव्हा धाकटी मराठी बोलेना. खोदून विचारले तेव्हा कळले, की तिने ‘माझी पुस्तक’ म्हटले आणि मावसभावंडे दोन दिवस तिला चिडवीत राहिली. त्या रात्री आम्ही तीच ध्वनिफीत पुन्हा लावली. या वेळी हसू आले नाही. आमच्याच लेकीचा आवाज त्यात ऐकू येत होता. आणि मग, इतकी वर्षे ऐकूनही जे ध्यानात आले नव्हते, ते आले. पु. ल. हसवतात, पण त्या भाषेला एकदाही हिणवीत नाहीत. त्या मोडक्या व्याकरणातून जे ओसंडून वाहत आहे त्याकडे ते आपल्याला हलकेच नेतात आणि अखेरीस रावसाहेबांच्या जाण्याने झालेल्या पोकळीपाशी आणून सोडतात. हसणारा श्रोता तेथे गप्प होतो.

आमच्या धाकटीला पुन्हा बोलते करण्यास फार मोठे उपाय लागले नाहीत. मंडळाच्या गणेशोत्सवात नाटुकल्यातले एक लहानसे काम तिला मिळाले. तालमीला एक वृद्ध काका बसत. तिने ‘ती’ च्या जागी ‘ते’ म्हटले, की ते पुढचे वाक्य सांगत आणि चूक नंतर, बाजूला घेऊन, हळूच दुरुस्त करीत. त्यांच्या घरी सणावारी शेजारच्या कन्नड कुटुंबाचे पान आपल्या पानाशेजारी मांडलेले असे. त्यांचे नाव आम्ही येथे घेत नाही. त्यांना ते आवडले नसते आणि वाचकांपैकी पुष्कळांना ते ठाऊकच आहे.

पन्नास वर्षांत मंडळाने काय मिळविले याचा हिशेब या अंकात इतरत्र येईलच. आमच्या मते मंडळाची खरी पुंजी म्हणजे अशी माणसे, की ज्यांनी परगावात आलेल्याला पाट मांडला आणि त्याची भाषा तपासण्यापूर्वी त्याला जेवू घातले. पुढच्या पन्नास वर्षांत आपल्या नातवंडांची मराठी रावसाहेबांच्या मराठीहूनही अधिक वळणे घेईल. ती ऐकताना हसू आले तर जरूर हसावे. मात्र त्या हसण्याने कोणाचेही बोलणे थांबू नये, एवढे आपण सांभाळू या.