नागरी संवाद आणि राजकीय ध्रुवीकरण (सोलापूर)

पक्ष, धर्म, जात किंवा भाषा यांवरून तट पडलेल्या समाजात समोरच्या बाजूशी व्यवहार तुटू नये म्हणून होणारे सार्वजनिक प्रयत्न, हा या नोंदीचा विषय. सोलापूर हे त्याच्या अभ्यासाला योग्य शहर आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा इथल्या बाजारात रोज चालतात. 2011 च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या 9,51,558 होती. इथल्या एकोप्याची साक्ष म्हणून ब्रिटिश राजवटीतील मार्शल लॉच्या काळातील चार हुतात्म्यांची नावे घेतली जातात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. साक्ष खरी आहे, पण तिच्यावर फार भार टाकता येत नाही. अमेरिकी धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांच्या पैगंबरांविषयीच्या वक्तव्याच्या निषेधार्थ ऑक्टोबर 2002 मध्ये पुकारलेल्या बंदच्या वेळी याच शहरात दंगल उसळली आणि माणसे दगावली. सामायिक इतिहास अभिमानाला पुरतो. तणावाच्या रात्री पलीकडच्या मोहल्ल्यात कोणाला फोन करायचा, हे तो सांगत नाही.

ते सांगते रोजच्या कामातली ओळख. भिवंडीत 1970 आणि 1984 मध्ये भीषण दंगली झाल्या. त्यानंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या बांधल्या, आणि 1992-93 मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. सोलापुरात अशी ओळख पोलिसांनी नव्हे, कामगार संघटनेने घडवली. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते. कारखान्यात मालाची तपासणी होऊन काही विड्या बाद ठरल्या, की नुकसान तेलुगू भाषक पद्मशाली बाईचे होते तसेच उर्दू बोलणाऱ्या मुसलमान बाईचेही होते. या समान गाऱ्हाण्यावर जमलेल्या विडी कामगार बायांना घेऊन माकपचे माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे सोलापूरकरांचे आडम मास्तर, यांनी घरांची चळवळ उभी केली. कुंभारी येथील गोदूताई परुळेकर वसाहतीतील 10,000 घरांचे हस्तांतरण 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाले. पुढे 30,000 घरांच्या रे नगर प्रकल्पाची पायाभरणी 2019 मध्ये आणि पहिल्या 15,000 घरांचे हस्तांतरण 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केले. मागणी लाल बावट्याची, घरांचे हस्तांतरण आधी काँग्रेसच्या आणि मग भाजपच्या राजवटीत. यात कोणी आपला झेंडा खाली ठेवला नाही. पायाभरणीच्या समारंभात मोदींची स्तुती केल्याबद्दल आडम यांना त्यांच्याच पक्षाने केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केले, यावरून पलीकडच्याशी बोलण्याची किंमत कळते.

हा संवाद नव्हे, नुसता हितसंबंध आहे, असा आक्षेप घेता येईल. तो अर्धाच खरा आहे. घर मिळाले म्हणून कोणाचे मत बदलत नाही. पण ध्रुवीकरणाची खरी इजा मतभेदाने होत नाही, समोरचा माणूस व्यवहाराच्याही लायकीचा नाही असे वाटू लागण्याने होते, आणि हितसंबंध नेमका तो समज टिकू देत नाही. दुसरा आक्षेप अधिक लोकप्रिय आहे: भांडण नकोच, निवडणूक बिनविरोध करा. तंटामुक्त गाव मोहिमेने 2007 पासून बांधाबांधावरचे तंटे गावात मिटवायला मदत केली, हे मान्य. परंतु तंटा मिटवणे वेगळे आणि स्पर्धाच मिटवणे वेगळे. पदांचा लिलाव झाल्यामुळे राज्य निवडणूक आयोगाला जानेवारी 2021 मध्ये उमराणे (जि. नाशिक) आणि खोंडामळी (जि. नंदुरबार) येथील ग्रामपंचायत निवडणुका रद्द कराव्या लागल्या. अशा शांततेत गरिबाचा उमेदवार अर्जच भरत नाही.

उलट टोक माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीत दिसले. विधानसभा निकालावर शंका घेऊन ग्रामस्थांनी 3 डिसेंबर 2024 रोजी स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घेण्याचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि मतदान थांबले. आठवड्याभरात दोन्ही बाजूंच्या नेत्यांच्या सभा तिथे झाल्या, आणि गावाचा प्रश्न राज्याच्या आखाड्यात गेला. एकाच गावातल्या दोन्ही गटांना समोरासमोर बसवून शंका ऐकणारी जागा असती तर वाद मिटला असता असे नाही. निदान तो गावाचा राहिला असता.

गावाला अशी जागा कायद्याने आहे: ग्रामसभा. शहरासाठी महापालिका कायद्यातील 2009 च्या दुरुस्तीने मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद केली, पण राज्यात ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. सोलापुरात काही दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्याचा प्रश्न कोणत्याही पक्षाच्या मतदाराला सारखाच छळतो. क्षेत्रसभेला याहून चांगला पहिला विषय नाही. प्रत्यक्षात ती भरवायला निवडून आलेले नगरसेवकच नव्हते: महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती होता.