शनिवार तेल्यांची मुंबईतील घरे

मुंबईतील घराचा प्रश्न म्हटला की भिंती, छप्पर आणि भाडे एवढेच आपल्यापुढे येते. परंतु लहान समाजाला घर आणखी कशासाठी लागते, हे पाहावयाचे तर आपल्याच भाषेत बोलणाऱ्या बेने इस्रायल या यहुदी समाजाच्या इतिहासाकडे वळावे लागेल.

कोकणात हे लोक तेलाचा घाणा चालवीत. शनिवारी घाणा बंद. म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. दिवेकर, पेणकर, केहीमकर ही आडनावेच त्यांची गावे सांगतात. अठराव्या शतकापासून कंपनीच्या पलटणींत आणि पुढे कचेऱ्या-कारखान्यांत नोकरी मिळू लागली, तेव्हा हा समाज मुंबईस आला. आणि गावच्या घराची जागा भाड्याच्या खोलीने घेतली.

सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मांडवी भागात समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. लोक त्यास मशीदच म्हणत. मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात. या धर्मात सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि शब्बाथच्या दिवशी वाहनात बसणे निषिद्ध. तेव्हा मंदिर चालावयाचे तर बिऱ्हाडे पायी येण्याच्या अंतरावर हवीत. भाडे परवडले नाही, तर प्रार्थनाही अडते!

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग प्रथम आढळला तो याच मांडवीत. पुढे १८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दाट वस्त्या फोडून रस्ते व चाळी झाल्या. समाज भायखळा, आग्रीपाड्याकडे सरकला. आग्रीपाड्याचे ‘मागेन हसिदीम’ १९३१ चे आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूस आधार दिला खरा. परंतु मुलाच्या नव्या संसारास पगडीवाचून खोली मिळेना. १८७९ पासून प्रार्थनामंदिर असलेले ठाणे अनेकांना जवळचे वाटले. १९४८ नंतर हजारो लोक इस्रायलला गेले. त्यामागे धर्मभावना होती. सारा दोष घरटंचाईवर टाकणे न्यायाचे नव्हे. तथापि २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात यहुदी पाच हजारांहूनही कमी उरले होते. एवढ्या थोड्यांत एक कुटुंब दूर जाणे म्हणजे दहांतला एक कमी होणे होय.

यावरून आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे, की स्वस्त घर दूर नेऊन दिले तर छप्पर मिळते, शेजार मिळत नाही. आपल्या वाशीमची मुलेही आज मुंबई-पुण्यास खोल्या शोधीत आहेत. घरांच्या योजना आखणारांनी चौरस फुटांबरोबर माणसांमधले अंतरही मोजावे.