टिळक-आगरकर वाद: प्रतिज्ञेचा आणि पगाराचा

'आधी राजकीय की आधी सामाजिक' या एका सूत्रात टिळक-आगरकर वाद बसवून आपण तो वर्गात शिकवतो, आणि परीक्षेतही तोच विचारतो. सूत्र खोटे नाही. परंतु त्यामुळे हा वाद दोन परस्परविरोधी पक्षांतला होता असा समज रूढ होतो. तो एकाच घरातला होता, आणि घरातल्या भांडणांत असतो तसा त्यात पैशाचा भाग मोठा होता, असे आम्हांस वाटते.

१८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये 'केसरी' व 'मराठा', १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज. मध्यंतरी, १८८२ साली, कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. आगरकरांनी त्यावर लिहिलेले छोटेखानी पुस्तक मिळाल्यास अवश्य वाचावे. त्यांतला स्नेह पुढच्या कडवटपणाइतकाच खरा आहे. 'केसरी'चे संपादक तेव्हा आगरकर होते. सामाजिक प्रश्नांवरून बिनसल्यावर १८८७ मध्ये त्यांनी ते पद सोडले आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढले.

टिळकांनी १८९० मध्ये सोसायटी सोडली ती मात्र वेगळ्या कारणाने. आजीव सभासदांनी अल्प वेतनात भागवावे, सारी शक्ती संस्थेला द्यावी, बाहेरची मिळकत व व्याप ठेवू नयेत, हा मूळ संकल्प होता असे त्यांचे म्हणणे. संस्थेचे काम चोख केल्यावर उरलेला वेळ आपला, असे इतरांचे. गोपाळ कृष्ण गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले, तेवढे निमित्त पुरले. टिळकांच्या प्रदीर्घ राजीनामापत्राचा भर आहे तो या शिस्तीवर.

तत्त्व म्हणून टिळकांची बाजू आम्हांस बळकट वाटते. पण वृत्तपत्राचा व्याप त्यांच्याही मागे होताच, हे सहकाऱ्यांना दिसत नसेल काय? (प्राध्यापकाने बाहेरून काय मिळवावे, या विषयावर आमच्या स्टाफरूममध्ये आजही आवाज चढतात.)

आगरकर १८९२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि १७ जून १८९५ रोजी, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, गेले. 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीच. त्याच वर्षी सार्वजनिक सभा टिळकांच्या गटाच्या हाती गेली, आणि रानडे-गोखल्यांना १८९६ मध्ये डेक्कन सभा ही वेगळी चूल मांडावी लागली.