सांताक्रूझचे विद्यार्थी उद्यान : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

कॅलिफोर्निया विद्यापीठाचा सांताक्रूझ परिसर १९६५ मध्ये सुरू झाला. दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक पॉल ली यांच्या पुढाकाराने ॲलन चॅडविक या इंग्रज उद्यानतज्ज्ञांनी तेथील सुमारे ४ एकर उतारावर विद्यार्थी उद्यानाचा आरंभ केला. जमीन खडकाळ होती. यंत्रे व रासायनिक खते चॅडविक यांनी वर्ज्य मानली. दुहेरी खोदाई करून, कुजलेले सेंद्रिय खत मिसळून उंच वाफे तयार करण्याची पद्धत विद्यार्थी प्रत्यक्ष श्रमातूनच शिकले.

परंतु या श्रमाला विद्येचा दर्जा द्यावा काय, हा प्रश्न लवकरच उपस्थित झाला. विज्ञान शाखेतील काही प्राध्यापकांना हे कार्य अशास्त्रीय वाटत होते. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी चॅडविक यांनी विद्यापीठ सोडले व १९८० मध्ये त्यांचे निधन झाले. तथापि उद्यान टिकून राहिले. परिसरात सेंद्रिय शेतही उभे राहिले आणि १९८० च्या दशकात स्टीफन ग्लिसमन यांच्या नेतृत्वाखाली कृषिपरिस्थितिकीचे अध्ययन तेथे रुजले. सारांश, ज्या वाफ्यांचे ज्ञानमूल्य प्रारंभी संशयास्पद ठरले, तेच पुढे विद्यापीठीय अभ्यासाचा विषय झाले.