खबरदारीमागची खबर

शर्यतीच्या मार्गावर आपली मोटारसायकल चालवायला मिळावी म्हणून हल्ली अनेक तरुण पैसे भरून नाव नोंदवतात. या उपक्रमाला 'ट्रॅक डे' म्हणतात. ही शर्यत नव्हे. इथे पहिला क्रमांक नसतो आणि करंडकही नसतो. पंधरा-वीस मिनिटांची एकेक पाळी, अशा दिवसभरात चार-पाच पाळ्या मिळतात. समोरून वाहन येत नाही, मध्येच म्हैस आडवी येत नाही. वळण कसे घ्यावे, ब्रेक कुठे दाबावा, हे निवांतपणे शिकता येते.

नाव नोंदवले की नवख्याच्या हाती एक यादी पडते. तोंड पूर्ण झाकणारे हेल्मेट हवे. कातडी पोशाख एकसंध हवा, नाहीतर कोट आणि विजार चेनने एकमेकांना जोडलेले हवेत. मनगट झाकणारे हातमोजे आणि घोट्याच्या वर जाणारे बूट हवेत. गाडीचे आरसे काढा, दिव्यांच्या काचांवर चिकटपट्टी लावा. ऑइल गळत नाही ना, ते पाहा. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी साधे पाणी भरा. आदल्या रात्री झोप पुरी करा. पोराला वाटते, कटकट आहे. आईला वाटते, एवढी कटकट आहे तर जातोसच कशाला?

'खबरदार' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. ज्याच्यापाशी खबर आहे, तो खबरदार. आपण मात्र तो दटावण्यासाठी वापरतो, 'खबरदार, पुन्हा असं केलंस तर!' मूळ अर्थ साधा आहे. पुढे काय घडू शकते याची ज्याला वार्ता आहे, तोच खबरदारी घेऊ शकतो. ट्रॅक डेच्या या यादीतल्या बऱ्याच ओळी अशाच आल्या आहेत. कोणीतरी पडले, त्याची खबर मागच्यांपर्यंत पोचली आणि यादीत एक ओळ वाढली. ती खबर इथे सांगायची आहे.

आधी मार्गाचीच गोष्ट. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यावर ताशी 20 मैलांच्या, म्हणजे 32 किलोमीटरच्या वर जायला कायद्याने बंदी होती. गाड्या तर त्याहून वेगवान होऊ लागल्या होत्या. मग त्या पळवायच्या कुठे? ह्यू लॉक किंग या जमीनदाराने सरे परगण्यातल्या आपल्या जमिनीवर काँक्रीटचा मार्ग बांधला. हे ब्रुकलँड्स 1907 च्या जूनमध्ये खुले झाले. लांबी सुमारे साडेचार किलोमीटर आणि वळणावरचे उतार जवळजवळ 9 मीटर उंच. मोटारींसाठी मुद्दाम बांधलेला जगातला हा पहिला मार्ग मानतात. 1908 पासून तिथे मोटारसायकलीही धावू लागल्या.

त्याच 1907 साली, ब्रुकलँड्सच्या आधी काही आठवडे, आइल ऑफ मॅन बेटावर 'टूरिस्ट ट्रॉफी' ही मोटारसायकल शर्यत सुरू झाली. या बेटाला स्वतःची संसद आहे. तिने कायदा करून शर्यतीपुरते नेहमीचे रस्ते बंद करायची मुभा दिली. म्हणजे एकाच वर्षी दोन वाटा फुटल्या. एकीने वेगासाठी वेगळी जागा बांधली, दुसरीने घरे, भिंती आणि दिव्याचे खांब असलेला रस्ताच वापरला. दुसरी वाट आजही चालू आहे आणि तिथल्या डोंगरी मार्गावर आजवर अडीचशेहून अधिक स्वारांचा मृत्यू झाला आहे. वेगासाठी वेगळी जागा का हवी, याचे उत्तर या आकड्यात आहे. सामान्य माणसाला शर्यतीच्या मार्गावर येऊ देण्याची रीतही जुनी आहे. जर्मनीत 1927 साली नुरबुर्गरिंग हा मार्ग खुला झाला तेव्हापासून तिथे कोणीही पैसे भरून आपली गाडी चालवू शकतो.

आता यादीतली पहिली वस्तू, हेल्मेट. ब्रुकलँड्सवर डॉ. एरिक गार्डनर नावाचे वैद्यकीय अधिकारी होते. डोक्याला मार लागलेले मोटारसायकलस्वार त्यांच्याकडे वारंवार येत. त्यांनी लंडनमधल्या एका कारागिराकडून कॅनव्हास आणि लाखेचे टोप करवून घेतले. संयोजकांनी सुरुवातीला त्यांना नकार दिला. डॉक्टर हटले नाहीत. शेवटी 1914 च्या टूरिस्ट ट्रॉफीत टोप सक्तीचे झाले आणि 94 टोप बेटावर गेले. एका स्वाराचे डोके फाटकाला घासून गेले, टोपाने ते वाचवले, अशी हकिगत डॉक्टरांनीच पुढे लिहून ठेवली.

शर्यतीतल्या माणसाला टोप मिळाला, रस्त्यावरचा मात्र बोडकाच राहिला. 13 मे 1935 रोजी इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात एक माणूस आपल्या ब्रफ सुपीरियर मोटारसायकलवरून घरी चालला होता. सायकलवरची दोन मुले अचानक समोर दिसली. त्यांना चुकवताना तो फेकला गेला. डोक्यावर काही नव्हते. सहा दिवस बेशुद्ध राहून 46 व्या वर्षी तो वारला. हाच टी. ई. लॉरेन्स, जग ज्याला 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखते. वाळवंटातली लढाई, रेल्वेखालचे सुरुंग, तुर्कांची कैद या सगळ्यांतून सुटलेला माणूस घराजवळच्या ओळखीच्या रस्त्यावर गेला.

त्याच्यासाठी बोलावलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूचे तरुण शल्यचिकित्सक होते. हा मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाले. शत्रूच्या विमानांच्या भीतीने रस्ते काळोखात बुडाले आणि लष्कराचे निरोपे मोटारसायकलवरून भरधाव जाऊ लागले. केर्न्स यांनी हिशेब मांडला. युद्धाच्या पहिल्या 21 महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर 2279 मोटारसायकलस्वार आणि त्यांच्यामागे बसलेले लोक मेले होते. त्यांनी स्वतः तपासलेल्या जखमींत हेल्मेट घातलेले फक्त सात जण होते आणि ते सातही जण वाचले होते. 1941 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. पुढच्याच महिन्यात लष्कराने कामावरच्या प्रत्येक मोटारसायकलस्वाराला हेल्मेट सक्तीचे केले. सामान्य नागरिकांसाठी तो कायदा ब्रिटनमध्ये यायला 1973 साल उजाडले. केर्न्स 1952 मध्येच गेले होते. आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्यात हेल्मेटचे कलम आहे. तरीही चौकात पोलीस दिसेपर्यंत ते कोपरावर लटकवणारे आपल्यात कमी नाहीत.

अंगावरच्या पोशाखाची कथा थोडी गमतीची आहे. जेफ ड्यूक हा इंग्लंडचा मोठा स्वार. सैल कपडे वाऱ्याने फडफडतात आणि वेग खातात, हे त्याच्या लक्षात आले. त्याने आपल्या गावच्या फ्रँक बार्कर या शिंप्याकडून अंगासरशी बसणारा एकसंध कातडी पोशाख शिवून घेतला आणि 1950 च्या टूरिस्ट ट्रॉफीत तो घालून उतरला. हेतू वेगाचा होता. पण पडल्यावर कोट वर सरकून पाठ सोलून निघत नाही, हा लाभ एकसंध कातड्यात आपोआप मिळाला. कोट-विजार जोडलेली हवी, हा आजचा नियम त्याच फायद्यासाठी आहे.

पाठीचे कवच त्यामानाने अलीकडचे. 1975 मध्ये अमेरिकेतल्या डेटोना इथे बॅरी शीन सराव करत होता. ताशी सुमारे 280 किलोमीटर वेगात असताना मागचा टायर फुटला. मांडी, हात, गळपट्टीचे हाड, बरगड्या मोडल्या. सात आठवड्यांनी तो पुन्हा शर्यतीत उतरला आणि पुढची दोन वर्षे, 1976 आणि 1977 मध्ये, 500 सीसी गटाचा जगज्जेता झाला. 1979 साली इटलीच्या डायनीज कंपनीने शेवंडीच्या पाठीसारखे एकावर एक पट्ट्या असलेले कवच आणले, तेव्हा ते आधी वापरणाऱ्यांत शीन होता. आज त्यात हवेच्या पिशव्या आल्या आहेत. मोटोजीपी स्पर्धेत 2018 पासून त्या सक्तीच्या आहेत.

आता ते ऑइल आणि पाणी. यादीतली ही ओळ नवख्याला सर्वांत क्षुल्लक वाटते. 20 मे 1973 रोजी इटलीतल्या मोंझा इथे 250 सीसीची शर्यत सुरू झाली. पहिल्याच फेरीत, पहिल्या मोठ्या वळणावर इटलीचा रेंझो पासोलिनी पडला. त्याच्या मागोमाग फिनलंडचा जगज्जेता यार्नो सारिनेन आणि आणखी कितीतरी जण कोसळले. पासोलिनी आणि सारिनेन दोघेही जागीच गेले. सारिनेन 27 वर्षांचा होता. पासोलिनीचे इंजिन जाम झाले, असे चौकशीत म्हटले गेले. आधीच्या शर्यतीतल्या एका गाडीचे ऑइल मार्गावर सांडले होते आणि ते पुसलेच नव्हते, असे अनेक स्वारांचे म्हणणे होते. वाद आजही मिटलेला नाही. एक गोष्ट मात्र वादातीत होती. वळणाच्या अगदी कडेला लोखंडी कठडे होते. घसरणाऱ्या माणसाला थांबायला मोकळी जागा नव्हती.

म्हणून तपासनीस गाडीखाली वाकून ऑइलचा थेंब शोधतो. कूलंट डांबरावर सांडले की निसरडे होते आणि लवकर वाळत नाही, म्हणून साधे पाणी. काचेचा तुकडा मागच्याच्या टायरखाली येऊ नये, म्हणून दिव्यावर पट्टी. या सूचना तुमच्या जिवापेक्षा तुमच्या मागून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या जिवासाठी आहेत. मला या यादीतला हा भाग सर्वांत माणुसकीचा वाटतो.

गाडी आणि अंग झाले. मनाचे काय? अमेरिकेत कीथ कोड यांनी 1980 मध्ये सामान्य स्वारांसाठी शर्यतीच्या मार्गावर शाळा काढली. घाबरलेला माणूस काय करतो, हे त्यांनी बारकाईने पाहिले. तो मूठ एकदम सोडतो, हँडल घट्ट आवळतो आणि ज्याची भीती वाटते तिकडेच टक लावून बघतो. गाडीही मग तिकडेच जाते. तेव्हा नजर वळणाच्या पुढे ठेवायची, हात सैल ठेवायचे आणि आपल्या ताकदीच्या तीन चतुर्थांशच चालवायचे. उरलेला एक चतुर्थांश चुकीसाठी राखून ठेवायचा. सकाळच्या सूचना-सत्रात झेंडे समजावतात. पिवळा म्हणजे पुढे धोका, कोणाला मागे टाकायचे नाही. लाल म्हणजे पाळी थांबली, हळूहळू परत या. पहिल्या फेऱ्या प्रशिक्षकाच्या मागे, संथ. नवखे नवख्यांच्या गटात. इथे कमीपणा काही नाही.

आपल्या देशात हा प्रवास मद्रासजवळच्या शोलावरम इथे सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धातली विमानांची धावपट्टी तिथे ओस पडली होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तिच्यावर शर्यती भरवल्या. 1990 मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई इथे क्लबचा स्वतःचा मार्ग झाला. 2003 मध्ये कोइमतूरला करी स्पीडवे आणि 2011 मध्ये दिल्लीजवळ बुद्ध सर्किट आले. पुण्याजवळच्या चाकणला तयार झालेल्या केटीएम गाड्या घेऊन आपली मराठी मुलेही दक्षिणेत जातात.

याच मद्रासच्या मार्गावर 2023 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय मोटारसायकल स्पर्धेत 13 वर्षांचा एक मुलगा पडला आणि गेला. राहिलेल्या शर्यती रद्द झाल्या. इतक्या लहान मुलांना कोणत्या गाडीवर, कोणासोबत सोडावे, हा प्रश्न त्याने मागे ठेवला. म्हणजे यादी अजून पुरी झालेली नाही.

तेव्हा घरातला कोणी पहिल्या ट्रॅक डेला निघाला, तर 'जाऊ नको' एवढेच सांगून थांबू नका. त्याच्यासोबत बसून यादी वाचा. ऑइलचे बूच घट्ट आहे का, टायर झिजलेत का, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट बसतो का, हे त्याला तुमच्यासमोर तपासू द्या. आणि संध्याकाळी परतताना आठवण द्या, की महामार्गावर झेंडे दाखवणारे कोणी नसते, म्हशी असतात आणि समोरून वाहनेही येतात. हेल्मेट तिथेही लागते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)